अर्ध्या मिनिटाचं सुख

सुरतेत, लिंबायतच्या आमच्या खानदेशी गल्लीत, केबल तोडणं ही क्रांती होती. मीही केली. केबलवाल्याला सांगितलं, “भाऊ, आता सगळं मोबाइलवर फुकट आहे.” तो हसला. का हसला, ते १९ नोव्हेंबर २०२३ ला कळलं.

अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर ऑस्ट्रेलिया. हॉटस्टारवर मोबाइलपुरता फुकट. टीव्हीवर लावायचा तर वर्गणी. म्हणून घरातले सहाजण सहा इंचांवर, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवलेला. रोहित ४७ वर. मॅक्सवेलच्या चेंडूवर त्याने बॅट फिरवली, चेंडू आभाळात, आणि आमचा श्वास वर जायच्या आत भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, “गया व माय, गया!” त्यांच्याकडे केबल. आमच्या फोनवर त्यांचा ट्रॅव्हिस हेड झेलासाठी अजून पळतच होता.

इंटरनेटवरचं चित्र तुकडे करून, थोडं साठवून मग दाखवतात, त्यामुळे ते मागे राहतं. त्या दिवशी एका वेळी ५.९ कोटी लोक हॉटस्टारवर होते म्हणे. एवढ्या कोटींना शेजारच्या काकू नसाव्यात.

हिशेबही झकास बसला. केबलचे पैसे वाचले. वायफाय, दुसऱ्या फोनचा डेटा आणि पुढे मोठ्या पडद्यासाठी घेतलेली वर्गणी मिळून दुप्पट गेले.

हेडने १३७ काढले, तेव्हा मात्र तो उशीर बरा वाटला. हरलो, पण काकूंपेक्षा अर्धा मिनिट उशिरा.

हल्ली मोठा सामना असला की आम्ही फोन घेऊन काकूंकडेच जातो. चार्जिंगला लावायला.