हंडा आणि त्याचे कार्यालयीन कामकाज

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या उद्योगांची यादी करताना कोळसा, सिमेंट, कागद, लोहखनिज आणि तेंदूपत्ता यांचा उल्लेख न चुकता होतो. परंतु ज्याला ना भूसंपादन लागते, ना पर्यावरण मंजुरी, ना जनसुनावणी, आणि ज्याचा कच्चा माल म्हणजे माणसाची हाव असल्याने ज्याला कधी टंचाई जाणवत नाही, त्या गुप्तधन-उद्योगाची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात आढळत नाही. जुन्या काळी कोणी तरी जमिनीत पुरलेले आणि पुढे मालकासह विस्मृतीत गेलेले द्रव्य म्हणजे गुप्तधन, ही त्याची रूढ व्याख्या होय. या व्यवसायातील जाणकार मात्र अधिक काटेकोर असतात: त्यांच्या मते धन जमिनीत नसून पार्टीच्या खिशात असते, आणि ते बाहेर काढण्याची रीत तेवढी गुप्त असते. 'पार्टी' हा येथे पारिभाषिक शब्द असून, ज्याला फसवायचे आहे, ज्याच्याजवळ थोडीफार रोकड आहे आणि ज्याला आपण इतरांपेक्षा हुशार आहोत अशी खात्री आहे, अशा गृहस्थाला तो लावला जातो.

हा उद्योग याच मुलखात का फोफावला, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, गोंड राजांची राजधानी होती, बल्लारपूरला त्यांचा किल्ला आहे, माणिकगड डोंगरावर उभा आहे, मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी कोरीव देवळांचा समूह आहे, आणि आरमोरी तालुक्यातील वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची दखल तर अकबराच्या दरबारी अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त घेतली आहे. म्हणजे राजे होते, हिरे होते आणि दाट जंगलही होते. हंडा पुरला गेला असण्यास एवढा पुरावा पुरेसा मानला जातो. 1751 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांदा आपल्या राज्यास जोडले आणि 1818 च्या मे महिन्यात इंग्रजी फौजेने तोफांनी तट फोडून शहर घेतले व लुटले, या घटनांचा विचार मात्र गुप्तधन-संशोधक सहसा करीत नाहीत. इतक्या हातांतून गेलेल्या शहराच्या पायथ्याशी सोन्याने भरलेले सात रांजण जसेच्या तसे शिल्लक असतील, तर तो भोसल्यांच्या आणि कंपनी सरकारच्या कार्यक्षमतेवर गंभीर ठपका ठरेल. पण महसूल वसूल करण्याच्या बाबतीत त्या दोघांची ख्याती पाहता तशी शंका घेणे अवघड जाते.

टोळीची रचना पाहिली, तर श्रमविभागणीचे तत्त्व सहकारी संस्थांपेक्षा येथेच नेमकेपणाने पाळलेले दिसते. सर्वांत खाली खबऱ्या असतो. कोणाच्या धानाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाची शासकीय खरेदीतली रक्कम, जमा झाले, कोणाच्या जमिनीचा कोळसा खाणीसाठी मोबदला आला, आणि कोणाच्या घरी मुलगी लग्नाची आहे, याची माहिती तो तलाठ्याच्या आधी ठेवतो. त्याच्या वर पायाळू असतो. जन्मताना डोक्याऐवजी पायाने बाहेर आलेल्या माणसाला डोळ्यांत अंजन घातले असता जमिनीखालचे धन दिसते, अशी जुनी समजूत आहे आणि अशा माणसाला पायाळू म्हणतात. टोळीतल्या पायाळूच्या जन्माचा दाखला कोणी मागत नाही, हे ओघाने आलेच. तिसरा महाराज, जो धनावर बसलेल्या नागाशी वाटाघाटी करतो. चौथा बाहेरगावचा 'साहेब', जो माल विकत घेणार असतो आणि ज्याची गाडी नेहमी नागपूरहून निघालेली असते. पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे नकली पोलीस, जो शेवटच्या अंकात शिटी वाजवीत येतो. वडसा येथे कार्यालये थाटून दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर नाटके करणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीच्या मुलखात पात्रयोजनेला कोणी नावे ठेवू शकत नाही. त्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. गुप्तधनाच्या नाटकातले कलावंत त्याच मुलखात, तितक्याच जागरणानंतर, पुरस्काराविना राबतात. फरक इतकाच की झाडीपट्टीच्या नाटकाचे तिकीट आधी काढावे लागते आणि प्रेक्षकाला आपण नाटक पाहतो आहोत हे ठाऊक असते.

प्रयोगाचा पहिला अंक नमुन्याचा असतो. शेत खोदताना किंवा जुन्या वाड्याच्या भिंतीत सोन्याच्या मण्यांची माळ सापडली, ती बाजारात नेली तर पोलीस धरतील, म्हणून निम्म्या भावात द्यायची आहे, असे एक गरीब दिसणारा माणूस सांगतो; आणि पार्टीने शंका घ्यावी या अपेक्षेनेच तो माळेतले दोन मणी तोडून तिच्या तळहातावर ठेवतो व कोणत्याही सराफाकडे तपासून आणण्यास सांगतो. सराफ मणी कसोटीच्या दगडावर घासतो, त्या रेघेवर आम्लाचा थेंब टाकतो, रेघ उडत नाही, आणि तो मान डोलावतो, कारण ते दोन मणी खरोखरच सोन्याचे असतात. उरलेली किलोभर माळ पितळेची असते, परंतु ती तपासण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. या व्यवहारातला एकमेव प्रामाणिक खर्च या दोन मण्यांवर होतो, आणि तो भांडवली खर्चात धरला जातो.

ज्या पार्टीचा दहावीनंतर विज्ञान शाखेशी संबंध आला आहे, तिच्यासाठी राईस पुलरची सोय आहे. राईस पुलर म्हणजे तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढणारे तांब्याचे जुने भांडे. त्यावर शेकडो वर्षांपूर्वी वीज पडल्याने त्याच्या धातूत किरणोत्सारी शक्ती आली असून अमेरिकेची नासा, आपली इस्रो किंवा भाभा अणुसंशोधन केंद्र त्यासाठी वाटेल ती किंमत मोजण्यास तयार आहे, असे सांगितले जाते. मिणमिणत्या उजेडात ताटलीत दाणे पसरतात, भांडे जवळ आणतात, आणि दाणे लगबगीने त्याच्याकडे सरकतात. दाण्यांना आधी लोखंडाचा बारीक कीस चिकटवलेला असतो आणि भांड्याच्या बुडाशी चुंबक दडवलेले असते, एवढीच काय ती अणुशक्ती. 2018 मध्ये दिल्ली पोलिसांनी असल्याच भांड्याच्या नावाखाली एका व्यावसायिकाला 1 कोटी 43 लाख रुपयांना फसवल्याच्या आरोपावरून एका पिता-पुत्राला पकडले, तेव्हा चाचणीच्या नाटकासाठी आणलेले किरणोत्साररोधक पोशाखही उघडकीस आले. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, 46-47 अंश तापमानात, असा पोशाख घालून शास्त्रज्ञाची भूमिका वठवणाऱ्या नटाचे कष्ट लक्षात घेतले, तर पार्टीकडून घेतला जाणारा 'टेस्टिंग चार्ज' अवाजवी म्हणता येणार नाही.

मात्र या उद्योगाचे खरे सामर्थ्य चुंबकात किंवा पितळेत नसून त्याच्या कार्यालयीन शिस्तीत आहे, ही गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून निसटली आहे. हंडा कधीही पहिल्या रात्री निघत नाही. पहिल्या अमावास्येला राखणदार नाग रागावलेला असतो, दुसऱ्या अमावास्येला सामग्रीत काळा कोंबडा कमी पडतो, तिसऱ्या वेळी पार्टीच्याच घरातून कोणी तरी शिंकते आणि मुहूर्त टळतो; दर वेळी नवा खर्च निघतो, जुन्या खर्चाची पावती मात्र मिळत नाही. अन्य कोणत्याही देशात एवढ्या दिरंगाईने ग्राहकाला संशय आला असता. येथे उलट घडते, कारण येथल्या माणसाला खऱ्या कामाची ओळखच दिरंगाईवरून पटते. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन 1988 च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च 372 कोटी रुपये होता. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, खर्च हजारो कोटींत गेला, आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावलीकडच्या शेतकऱ्यांच्या एका पिढीने कालव्याची वाट पाहण्यातच केस पांढरे केले. ज्याने धान विकून चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने बँकेचे खेटे घातले, त्याला तीन अमावास्या थांबणे म्हणजे जलदगती सेवा वाटते. महाराज जर पहिल्याच रात्री हंडा काढून हातात ठेवता, तर पार्टीने निश्चितच पोलिसांत धाव घेतली असती.

लाचेचेही तसेच आहे. व्हिक्टर लुस्टिग नावाच्या भामट्याने 1925 मध्ये पॅरिसमधील भंगार व्यापाऱ्यांना सरकारी अधिकारी असल्याचे भासवून आयफेल टॉवर मोडीत काढायचा असल्याचे सांगितले. त्यांपैकी ज्याला शेवटी टॉवर विकला, त्याला मनातून शंका येत होती, पण अधिकाऱ्याने आडून आडून लाच सुचवताच त्याची खात्री पटली की माणूस अस्सल सरकारी आहे, असे सांगितले जाते. पॅरिसमध्ये जे तंत्र एका असामान्य ठकाला सुचले, ते येथे शिकवावे लागत नाही. धन काढण्यास वन विभागाचा अडथळा येईल, त्या 'साहेबां'चे पाहावे लागेल, तहसीलातल्या बाबूचे वेगळे द्यावे लागेल, असे सांगितल्यावर पार्टीच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, ते महाराजाच्या कुठल्याही मंत्राने पसरत नाही. करारनामाही होतो, आणि तो मुद्रांकावर होतो. हंड्यातील वाटणी साठ-चाळीस, साक्षीदार दोन. शासनाने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अशा कामांचे किमान मुद्रांक शुल्क 100 वरून 500 रुपये केल्याने या क्षेत्रावर पडलेल्या बोजाची कोणी दखल घेतली नाही. अर्थात ज्या राज्यात अब्दुल करीम तेलगी याने बनावट मुद्रांकच छापून विकले, तेथे फसवणुकीच्या करारासाठी खरा मुद्रांक वापरणाऱ्यांच्या सचोटीचे कौतुकच करायला हवे.

जंगल असल्यामुळे या उद्योगाची एक वन्यजीव शाखाही आहे. मांडूळ हा बिनविषारी, मातीत राहणारा साप असून त्याचे शेपूट बोथट असल्याने त्याला दोन तोंडे आहेत असा समज होतो. खवल्या मांजर हा मुंग्या-वाळवी खाणारा लाजाळू प्राणी असून त्याचे खवले माणसाच्या नखांत आणि केसांत असणाऱ्या केराटिन या द्रव्याचेच बनलेले असतात. म्हणजे ज्यासाठी पार्टी लाखो रुपये मोजते, ते न्हाव्याच्या दुकानात फरशीवर पडलेले असते. या दोन प्राण्यांच्या साहाय्याने पैशांचा पाऊस पाडता येतो, अशी श्रद्धा आहे, आणि खवल्या मांजराबाबत 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने किमान तीन ते कमाल सात वर्षांच्या कैदेची तरतूद केल्याने त्या श्रद्धेला बाजारभाव आला आहे. वन विभाग अशा सौद्यांवर बनावट ग्राहक पाठवून सापळा रचतो. परिणामी एखाद्या ढाब्यावर जमलेल्या मंडळींत विकणारा खोटा महाराज, घेणारा वेश पालटलेला वनरक्षक, मध्यस्थ दोन्हीकडून पैसे घेतलेला आणि पाऊस कधीच न पडणारा, अशी स्थिती होते. पिशवीतले मांडूळ तेवढे अस्सल असते, आणि आपण कशासाठी आलो आहोत हे न कळणारेही तेच एकटे असते.

शेवटच्या अंकात नकली पोलीस येतात आणि सगळे अंधारात पळतात. पळणाऱ्यांत सर्वांत पुढे पार्टी असते. ती तक्रार करीत नाही, कारण तक्रारीत काय लिहायचे हा प्रश्न असतो: चोरीचे म्हणून सांगितलेले सोने स्वस्तात घेत होतो, की संरक्षित प्राण्याचा व्यवहार करीत होतो, की जिल्हाधिकाऱ्यांना न कळवता धन खणत होतो? टोळीचा विमा म्हणजे हे मौन होय. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी लढणारे नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाल्यावर जो जादूटोणाविरोधी कायदा राज्याला अखेर करावा लागला, त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तो करण्यासाठी इतकी वर्षे आणि इतकी किंमत का लागावी, हा प्रश्न हास्यास्पद ठरवता आला असता, जर 2018 च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मपुरी तालुक्यातील खंडाळा या गावी दोन वर्षांच्या मुलाची गुप्तधनासाठी हत्या केल्याच्या आरोपावरून अटका झाल्या नसत्या. कोंबड्यापासून सुरू झालेली सामग्रीची यादी कोठपर्यंत जाते, हे तेथे दिसले.

गुप्तधन मिळवण्याचा एक कायदेशीर मार्गही उपलब्ध आहे, ही बाब मात्र फारशी कोणाला माहीत नाही. 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम अजूनही लागू असून, निखात निधी म्हणजे जमिनीत पुरलेले मौल्यवान द्रव्य, ते दहा रुपयांहून अधिक किमतीचे सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून जवळच्या कोषागारात जमा करावे लागते. मग सूचना प्रसिद्ध होते, हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांनी बोलावले जाते, आणि मालक निघाला नाही व वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. सरकारला तो ऐवज स्वतःकडे ठेवायचा असेल, तर किमतीवर एक पंचमांश रक्कम जास्त द्यावी लागते. म्हणजे महाराजाच्या करारनाम्यातील साठ-चाळीसपेक्षा वाटणी चांगली, मुदत जवळपास चार-सहा अमावास्यांचीच, आणि कोंबडा लागत नाही. तरीही या योजनेला प्रतिसाद नाही, कारण तिच्या अर्जात द्रव्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, ते सापडल्याचे ठिकाण आणि तारीख हे सारे सुरुवातीलाच लिहावे लागते, म्हणजे हंडा आधी आणि कार्यवाही नंतर. या व्यवसायातील जाणकारांच्या मते ही पद्धत मुळातच अव्यवहार्य आहे.