पांढरी पाच, जरा चढी

गिटार वाईट वाजते ती गिटारमुळे, असं माझं ठाम मत होतं. एकोणपन्नासाव्या वर्षी बँकेच्या बदलीवर बनारसला येऊन, आत्याच्या माडीवर रोज संध्याकाळी गिटार घेऊन बसणाऱ्या माणसाला दुसरं मत परवडतही नाही. नाचता येईना, अंगण वाकडं, म्हणतात. मी थेट फरशीच बदलायला काढली.

आत्याचं घर भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत. घाट नागपूरच्या भोसल्यांनी बांधलेला आणि मी नागपूरचा, त्यामुळे पहिले सहा महिने मी त्या पायऱ्या वडिलोपार्जित असल्यासारखा उतरत असे. नावाड्यांवर याचा काही परिणाम झाला नाही. भाडं तेवढंच सांगत.

तर फरशी, म्हणजे पिकअप. तारेची थरथर ओळखून ती ॲम्पकडे धाडणारं चुंबक आणि तांब्याच्या तारेचं डबडं. माझ्या गिटारवर असली दोन लखलखीत डबडी होती. हे ‘हमबकर’ आहेत, असं मी पंचवीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो. एका रविवारी एकाचं झाकण उघडलं. आत दोन कॉइल असायला हव्यात, तिथे एकच होती. उरलेल्या जागेत हवा. दुसऱ्यातही तेच. गिटारला मी दोष देत होतो खरा, पण बाहेरून भारदस्त आणि आतून अर्धं हा गुण तिने कोणाकडून उचलला हे उघड होतं.

एकेरी कॉइलची खोड अशी की ती तारेबरोबर घरातल्या विजेचंही गाणं पकडते. ॲम्प लावला की घूंऽऽ सुरू. 1955 साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावर तोड काढली. दोन कॉइल शेजारी-शेजारी, जोडणी उलटी, चुंबकाची टोकंही उलटी. विजेची घूं दोन्हींत सारखीच शिरते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा आवाज मात्र दोन्हींचा मिळून वाढतो. वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांसारखं हे. एरवी तोंडं दोन दिशांना, कार्य निघालं की एक. पेटंट मिळायच्या आधी त्या पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असं स्टिकर चिकटवत. आज त्या स्टिकरवाल्या पिकअपसाठी शौकीन वाट्टेल ती किंमत मोजतात. आपल्याकडे ‘अर्ज केला आहे’ या अवस्थेत अख्खी हयात काढलेल्या माणसांना मात्र कोणी विचारत नाही.

निवडायला मला दोन महिने लागले. कोणी उबदार, कोणी चावरा, कोणी मलईदार. वर्णनं वाचता वाचता आपण पिकअप घेतोय की कुल्हडातली लस्सी, हे कळेनासं झालं. शेवटी मानेकडचा सेमूर डंकनचा घेतला आणि ब्रिजकडचा डिमार्झिओचा, कारण खरा जाणकार एकाच दुकानातून सगळं घेत नाही, असं मला वाटत होतं. सोबत आवाज कमी-जास्त करायचे 500 किलोओहमचे पॉट आणि चण्याएवढा कपॅसिटर. इथून जवळच, पंचगंगा घाटाच्या वर, बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ रियाज करत. त्यांच्या सनईची पत्ती नरकट नावाच्या गवताची असे. त्या गवताला किती किलोओहम लागत असतील, हा विचार मी पार्सल उघडताना निकराने बाजूला सारला.

मग डाग द्यायची वेळ आली. मणिकर्णिकेच्या स्मशानापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याने फोनवर ‘आज घरीच डाग देतोय’ असं म्हणू नये. नागपूरचा चुलतभाऊ क्षणभर गप्पच झाला. मग हळूच म्हणाला, ‘आत्या का रे?’

‘नाही, पॉटला.’

‘कोण पॉट?’

राळेचा धूर माडीभर झाला. पिकअपमधून चार रंगीत वायरी निघतात आणि कोणती कुठे जोडायची हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. डंकनची काळी वायर गरम, डिमार्झिओची लाल. मी एकच आकृती समोर ठेवून दोन्ही जोडले. दुसरा कागदही खोक्यात होता, पण तो वाचणं माझ्या प्रतिष्ठेला शोभणारं नव्हतं. ब्रिजकडच्या पिकअपमधली एक कॉइल त्यामुळे उलटी लागली. परिणाम असा, की आता तारांचा आवाज एकमेकींना खाऊ लागला आणि घूंची बेरीज होऊ लागली. तार छेडली तर पत्र्याच्या डब्यात चिलट. न छेडता ठेवली तर घूंऽऽ, पूर्वीहून भक्कम.

खालून आत्याची हाक आली, ‘बाळ्या, आज तंबोरा फार छान लागलाय रे!’

मला वाटलं, टोमणा आहे. मी चौकातल्या एका रेडिओ मिस्त्रीकडे गिटार नेली. त्याने आत डोकावून पानाचा तोबरा दुसऱ्या गालात सरकवला. ‘का गुरू, एक कोइल उल्टा बा,’ एवढंच. दोन वायरींची अदलाबदल, चार मिनिटं, पन्नास रुपये. घरी येऊन ॲम्प लावला. शांतता. अमेरिकन, महागडी, नितळ शांतता.

सहा वाजता आत्या जिना चढून आली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती सहसा चढत नाही. ‘बंद पडलं का तुझं यंत्र?’

तेव्हा उलगडा झाला. गेले सात महिने मी वर ॲम्प लावला की ती खाली देवासमोर बसून पदं म्हणत होती, माझ्या घूंवर. मी वाजवायला लागलो की थांबायची, मी थांबलो की पुन्हा धरायची. तिची पट्टी पेटीची पांढरी पाच, जरा चढी.

आता हे ऐका, कारण हे मला कोणालातरी सांगायचंच आहे. आपली वीज 50 हर्ट्झची. खर्जातली पांढरी पाच 49. म्हणजे विजेचा षड्ज पांढरी पाच, जरा चढी! अमेरिकेची वीज 60 हर्ट्झची. तिथे आत्याला काळी पाचच्याही वर सरकावं लागलं असतं आणि तार षड्जाला दम लागला असता. आपल्या ग्रिडने 49.90 ते 50.05 यांच्या मध्ये राहावं असा दंडक आहे. इतका लागलेला तंबोरा मी मैफिलीतही ऐकलेला नाही. आणि 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर लाइनने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं, तेव्हापासून काशीपासून कन्याकुमारीपर्यंत सगळे पंखे, सगळे ट्रान्सफॉर्मर एकाच सुरात. संगीत परिषदांना जे जमलं नाही ते सोलापूरमार्गे झालं. मी हे आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘असेल. पण तू ते काढलंस काहून?’

तिचा खरा तंबोरा माडीवरच्या कोपऱ्यात आहे. भोपळा तडकलेला, दोन तारा गेलेल्या. दुरुस्तीला नेऊ, असं घरातला प्रत्येक जण दहा वर्षं म्हणतोय. मीही म्हणालो होतो, इथे आलो त्या पहिल्याच आठवड्यात. दोन महिने मी सातासमुद्रापलीकडच्या चुंबकांची जात शोधत होतो, आणि गिटारची रिकामी पिशवी रोज ठेवत होतो त्या भोपळ्यावर. पिशवी उचलली तर धुळीत तिचा ठसा उमटलेला.

भोपळा लागेपर्यंत तीन महिने जातील, असं कारागीर म्हणतो. तोवर सोय म्हणून मी पुन्हा मिस्त्रीकडे गेलो. त्याने एक वर ओढायचा पॉट बसवला. ओढला की हमबकरमधली एक कॉइल बाद होते आणि उरलेली एकटी घूं करू लागते. अमेरिकेहून पैसे मोजून आणलेला इलाज रद्द करण्याचं हे बटण दीडशे रुपयांत झालं.

आता ॲम्प आणि गिटार दोन्ही खाली देवघरात असतात. रोज सहाला मी पॉट वर ओढतो आणि कुकर लावायला जातो. तारा मधेच झणकारू नयेत म्हणून आत्याने त्यांच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधली आहे, आणि ती सोडायची मला परवानगी नाही.