आरोग्यावर उपरोध लिहायला शिका : नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

‘जेवणापूर्वी हात धुवा’ असं सरळ लिहिलं की वाचक पान उलटतो. तेव्हा उपरोधाकडे वळायचं तुम्ही ठरवलंत, हे उत्तमच. साहित्य : एक लेखणी आणि एक दुखणं (शक्यतो दुसऱ्याचं).

पायरी १ : गिऱ्हाईक निवडा.
रोगी सगळ्यात सोयीचा. तो आधीच अंथरुणाला खिळलेला, अंगावर कुठून धावून येणार? लठ्ठ शेजारी, मधुमेही मेव्हणा, इंजेक्शनला भिणारी आजी, यांची यथेच्छ टर उडवा. महिन्याभरात पोट सपाट करून देणाऱ्या चूर्णवाल्याच्या मात्र वाटेला जाऊ नका. तो जाहिराती देतो. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’मधल्या ‘उपास’मध्ये हा नियम धाब्यावर बसवला. वजन उतरवणारा तिथे स्वतःलाच हसतो आणि सल्ले देणाऱ्या अख्ख्या चाळीचं पितळ उघडं पडतं. अशाने सल्लागार मंडळी दुखावतात.

पायरी २ : स्वतः काही करू नका.
गाडगेबाबा आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनात त्याच गावाची खरडपट्टी काढत. लोक हसत आणि ऐकूनही घेत. पण यात कंबर दुखते. आपण खुर्चीत बसूनच समाजाच्या अस्वच्छतेवर कोरडे ओढावेत.

पायरी ३ : रोख कुणावर आहे, ते कळू देऊ नका.
एडवर्ड जेन्नरने गाईंच्या देवीपासून केलेल्या देवीच्या लसीवरचा प्रबंध १७९८ मध्ये छापला. १८०२ मध्ये जेम्स गिलरेने व्यंगचित्र काढलं : लस टोचलेल्यांच्या अंगातून गाई उगवताहेत! तो लसीला हसत होता की लसीला भिणाऱ्यांना, यावर आजही वाद घालता येतो. जेन्नरचा प्रबंध किती जणांनी उघडलाय? गिलरेच्या गाई मात्र लसीच्या इतिहासात अजून चरताहेत.

पायरी ४ : आधी बातमी, मग खुलासा.
२०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने जर्मनीत खरोखरीची चाचणी घडवून आणली. माणसं जेमतेम पंधरा, मोजमापं अठरा. इतकी मोजमापं घेतली की एखादं तरी मनासारखं निघतंच! चॉकलेट खाणाऱ्यांचं वजन लवकर उतरतं, असा निष्कर्ष निघाला. शितावरून भाताची परीक्षा करायची सवय असलेल्या वृत्तपत्रांनी तो छापला. ‘बिल्ड’ने तर पहिल्या पानावर. आहारशास्त्राच्या बातम्या किती आंधळेपणाने छापल्या जातात, हेच बोहॅननला दाखवायचं होतं आणि पुढे त्याने ते जाहीरही केलं. पण ज्यांना चॉकलेट खायचंच होतं, त्यांनी दुसरी बातमी कशाला वाचावी?

पायरी ५ : नमुना गिरवा.
‘सर्दी झाली? फ्रिजवरच्या डब्यातून मागच्या वर्षीची अँटिबायोटिक गोळी काढा आणि घ्या. पाकिटावरची तारीख पुसली असेल तर बरंच, मनाला रुखरुख नको. सर्दी विषाणूंमुळे होते आणि ही गोळी फक्त जिवाणूंवर चालते, हे गोळीला कुठे ठाऊक आहे?’

झकास. आता पहिली दोन वाक्यं ठेवून बाकीची खोडा, कारण कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेवढीच पोचणार आहेत, वर ‘मोठ्या डॉक्टरांचा सल्ला, सर्वांना पाठवा’ अशी ओळ चिकटून. काही धूर्त लेखक विषाणूचा मुद्दा पहिल्याच वाक्यात कोंबतात, म्हणजे कुठूनही कापलं तरी विनोदाबरोबर माहितीही जाते. त्यांच्या नादी लागू नका.

शेवटी चाचणी. लेख घरातल्या सर्वांत भाबड्या माणसाला वाचायला द्या. तो हसला तर लेख जमला. हसून झाल्यावर त्याने ‘गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?’ असं विचारलं, तर लेख फारच जमला. छापू नका.