आपल्या माणसाला आपल्या भावात

एनस्खेडेतला मराठी माणूस धंद्यात मागे पडतो, ही तक्रार आता कुणी करू नये. आमचे शेजारी शेठ (खरं नाव छापत नाही, उद्या टॅक्स खात्यात कुणी मराठी बाई नोकरीला लागली तर पंचाईत) दिवसभर कंपनीत सॉफ्टवेअर लिहितात आणि उरलेल्या वेळात नेदरलँड्सची चक्राकार अर्थव्यवस्था चालवतात. २०५०पर्यंत काहीही वाया न घालवणारा देश व्हायचं, असं इथल्या सरकारनं २०१६ साली ठरवलं. शेठच्या मागच्या शेडमध्ये २०५० कधीच उजाडलंय. तिथे गेल्या शतकातला टोस्टर आहे, घरात बाळ नसताना तीन बाबागाड्या आहेत आणि चर्चमधला एक बाकही आहे. त्याच्यावर बसायचं नाही, कारण त्याचे फोटो काढून झालेत.

गाव त्वेंटे भागातलं, जर्मन सरहद्दीला चिकटलेलं. १८३०मध्ये बेल्जियम फुटून निघालं, तेव्हा जावा-सुमात्राला पाठवायचं कापड आता विणायचं कुठे, असा डच व्यापाऱ्यांना प्रश्न पडला आणि या बाजूला गिरण्या वाढल्या. पुढे त्या बंद पडल्या. हल्ली त्याच गावातून वहिनी वापरलेले टीशर्ट व्हिंटेड नावाच्या ॲपवरून फ्रान्सला पाठवतात, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यात घालून. निर्यात पुन्हा सुरू झाली, हे महत्त्वाचं.

शेठचा कच्चा माल येतो क्रिंगलोपमधून. क्रिंगलोप म्हणजे लोकांनी फुकट देऊन टाकलेल्या वस्तूंचं दुकान. गरजूला स्वस्तात संसार मांडता यावा आणि ज्यांना दुसरीकडे काम मिळत नाही त्यांना तिथे मिळावं, असा त्यामागचा भाबडा हेतू. शनिवारी दार उघडायच्या आधी शेठ बाहेर उभे असतात. आत शिरले की थेट काचसामानाकडे. निळी बशी दिसली की उलटी करायची, बुडाचा शिक्का पाहायचा, मोबाईलनं फोटो काढायचा आणि तशीच बशी इतरत्र कितीला चाललीये ते बघायचं. डेल्फ्टची असली तर पिशवीत, चीनमधली निघाली तर जागेवर. मागे एक सिरियन बाई पातेलं शोधत असते. पातेलं शेठच्या पिशवीत असतं. ते बीके कंपनीचं इनॅमलचं असतं आणि बीकेला भाव आहे.

आमच्या लहानपणी हे काम बोहारीण करायची. डोक्यावर पाटी, दुपारची वेळ. आईनं काढलेली साडी ती उजेडात धरायची, नेमकं विरलेलं शोधायची आणि “हिचं काय येतंय वैनी” म्हणत बाजूला टाकायची. आई तिच्या पातेल्याला टिचकी मारून पत्रा पातळ असल्याचं जाहीर करायची. दोघी तासभर एकमेकींना लुटायच्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा भेटायच्या. त्या काळी घरातल्या पुरुषांना या सौद्याची लाज वाटे, ते पेपर तोंडासमोर धरून बसत. त्यांचीच मुलं आता लिंक्डइनवर स्वतःच्या नावापुढे ‘सस्टेनेबिलिटी’ लिहितात. बोहारणीला हा शब्द वेळेवर कळला असता तर तिलाही स्टार्टअप काढता आलं असतं. पाटी होतीच.

पण क्रिंगलोपवर चहापाणी सुटतं, बंगला होत नाही. शेठची खरी सुगी जुलै-ऑगस्टमध्ये. इथलं त्वेंटे विद्यापीठ भरतं सप्टेंबरच्या सुरुवातीला. जाणारी पोरं त्याआधी खोल्या सोडतात आणि खोली झाडून पुसून दिली नाही तर डिपॉझिट अडकतं. त्यामुळे विमानाच्या आदल्या रात्री गादी, टेबलफॅन, हेंगेलोच्या इकियातून आणलेलं बिली कपाट या सगळ्या वस्तू म्हणजे नुसती ब्याद असते. कुणीतरी उचलून न्या, एवढीच विनंती. शेठ उचलून नेतात. वर “काळजी करू नकोस, मी बघतो” असंही म्हणतात. पोराच्या डोळ्यांत पाणी येतं. तीन आठवड्यांनी दुसरं पोर दोन बॅगा घेऊन उतरतं, त्याच्याकडे उशीसुद्धा नसते. या तीन आठवड्यांना शेठ ‘मार्जिन’ म्हणतात.

कुटुंब घेऊन येणारा सापडला तर विचारूच नका. इथे भाड्याचं घर पुष्कळदा इतकं रिकामं मिळतं की फरशीही नसते, खाली नुसतं सिमेंट. लॅमिनेट, पडदे, दिवे हे सगळं आधीच्या भाडेकरूचं. तो ते नव्याला विकतो, नाहीतर उपटून नेतो. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते इथे पहिल्याच दिवशी कळतं. शेठच्या शेडमध्ये चार घरांची जमीन गुंडाळून ठेवली आहे.

आयटीसी ही नकाशे आणि हवाई छायाचित्रांची संस्था १९७१ साली डेल्फ्टहून इथे आली, तेव्हापासून आपल्याकडची माणसं शिकायला या गावात येतायत. त्या वेळी जाणारा येणाऱ्याला कुकर तसाच हातात देत असणार. शेठच्या मते त्या पिढीला व्हिजन नव्हती.

कुकरवरून आठवलं. गेल्या मोसमात शेठना क्रिंगलोपमध्ये ॲल्युमिनियमचा कुकर मिळाला, अस्सल देशी. दुकानातल्या मंडळींना ते काय आहे हे न कळल्यामुळे भांडं फाँड्यूच्या सेटशेजारी होतं, झाकण दुसऱ्या फळीवर आणि शिट्टी नाताळच्या सजावटीच्या टोपलीत. तिन्ही मिळून तीन युरो. सप्टेंबरात सांगलीचा एक मुलगा तो बघायला आला. वहिनींनी चहा ठेवला, चिवडा दिला.

“दादा, थोडं कमी होईल का?”

“अरे, तू आपला माणूस म्हणून पंचवीस. डच माणसाला मी चाळीस सांगितले असते.”

डच माणूस कुकरला चाळीस युरो कशासाठी देईल, हे मुलाला विचारायचं होतं. पण तोंडात चिवडा होता. शिट्टीचे चार युरो वेगळे लागले. संध्याकाळी त्याचा फोन आला, “दादा, गरमच होत नाहीये.” खोलीत इंडक्शन होतं आणि साधं ॲल्युमिनियम इंडक्शनवर तापत नाही, हे शेठना पंचवीस युरो मोजून घेतानाही ठाऊक होतं. त्यांनी शेडमधून विजेची जुनी शेगडी काढून ठेवलेलीच होती. पंधरा युरो. आपला माणूस म्हणून.

चिवडा हा या धंद्यातला सगळ्यात फायदेशीर खर्च आहे. डच गिऱ्हाईक मार्क्टप्लाट्स या जुन्या मालाच्या वेबसाइटवर पहिल्याच निरोपात “शेवटची किंमत काय?” असं विचारतं, नमस्कारसुद्धा घालत नाही. मग पावसात सायकल मारत येतं, टेबलावरचा ओरखडा दाखवतं, दोन युरो कमी करायला सांगतं आणि नाही म्हटलं की “बरं” म्हणून हसतमुखानं परत जातं. त्याच्याशी शेठना काही करता येत नाही. आपला मुलगा मात्र चहा प्यालेला असतो, आडनावावरून गाव काढून झालेलं असतं आणि शेठचे मामा त्याच्याच तालुक्यातले निघालेले असतात. आता तो घासाघीस कशी करणार? शेठचा सगळा नफा या संकोचात आहे. जुन्या वस्तू निमित्तमात्र.

सायकलीच्या बाबतीत मात्र शेठ अत्यंत कायदेशीर. चोरीची सायकल अगदीच स्वस्तात घेतली तर “मला माहीत नव्हतं” ही सबब इथे चालत नाही. शंका यायला हवी होती, असं कायदा म्हणतो आणि घेणाराही गुन्हेगार ठरतो. चोरीच्या मालाचे नंबर तपासायला पोलिसांची ‘स्टॉपहेलिंग’ नावाची सोय आहे, फुकट. शेठ तिथे फ्रेमचा नंबर घालतात, निकालाचा प्रिंट काढतात आणि तो सीटला रबरबँडनं लावतात. याचे दहा युरो.

मार्क्टप्लाट्स १९९९मध्ये सुरू झालं आणि पाच वर्षांत ईबेनं ते २२.५ कोटी युरोंना विकत घेतलं. हा आकडा शेठ देवाच्या नावासारखा घेतात. लोकांच्या जुन्या सोफ्यांच्या यादीला एवढे पैसे मिळतात, तर प्रत्यक्ष सोफ्याला किती मिळावेत, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या स्वतःच्या हिशेबात पेट्रोल नाही, शेडचं भाडं नाही आणि वहिनींनी खोकी बांधण्यात घालवलेल्या रात्री तर नाहीतच. वहिनींनी एकदा ताशी मजुरी काढून दाखवली. शेठ म्हणाले, “हे आपण पॅशन म्हणून करतोय.”

फक्त एका गोष्टीनं त्यांची झोप उडवली आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार, २०२३पासून एखाद्या विक्रेत्यानं एका मंचावर वर्षात तीस किंवा जास्त वस्तू विकल्या किंवा दोन हजार युरोंच्या वर कमावले, तर मंचानं त्याची माहिती थेट कर खात्याला कळवायची. स्वतःचा जुना पलंग विकणाऱ्याला काही भीती नाही. विकण्यासाठीच घेणाऱ्याला मात्र नफ्यावर कर आहे. पर्यावरणासाठी झटणाऱ्या माणसाला व्यापारी समजावं, याचं शेठना फार वाईट वाटलं. त्यांनी एकोणतिसावी वस्तू विकली आणि स्वतःचं खातं थांबवलं. मग वहिनींच्या नावावर एकोणतीस झाल्या. परवा ते आमच्याकडे आले, हातात चिवड्याचा डबा होता. “तुमचं खातं तसं रिकामंच असतं ना?” मी नुसती मान हलवली, कारण चहा आमच्या घरचा होता. उन्हाळ्यात त्यांचे आईवडील कऱ्हाडहून यायचे आहेत आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या ज्येष्ठ नागरिकांना इथला नागरिक क्रमांक मिळतो का, याची शेठ सध्या चौकशी करतायत.