ठरलेलं आणि झालेलं

भूतकाळाचं काय करायचं, हा प्रश्न पूर्वी फक्त इतिहासकारांना आणि निवृत्त सासऱ्यांना पडायचा. आता तो कॉम्प्युटरलाही पडतो. ‘जुने कार्यक्रम अर्काइव्ह करायचे का?’ असं आमच्या ऑफिसचं कॅलेंडर अधूनमधून विचारतं, आणि तेही नेमकं पुढची मीटिंग कुठल्या खोलीत आहे हे आपण धावतपळत शोधत असताना.

जुन्याचं काय करावं, यावर कॅलेंडरांचंही एकमत नाही. आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्तीत स्वयंचलित अर्काइव्ह चालू केलं आणि त्याच्या मूळ नियमांना हात लावला नाही, तर ते दर 14 दिवसांनी झाडू हातात घेतं आणि 6 महिन्यांहून जुन्या भेटीगाठी उचलून वेगळ्या फाइलीत नेऊन ठेवतं. सहा महिन्यांत घरचं लोणचंसुद्धा धड मुरत नाही. 2006 साली आलेलं गूगल कॅलेंडर त्या मानाने सोशिक. होऊन गेलेलं ते नुसतं फिकट करून दाखवतं, आणि आपण रागाच्या भरात काही पुसलंच तर 30 दिवस कचरापेटीत जपून ठेवतं. राग शांत व्हायला तेवढे पुरतात, असा त्याचा हिशेब असावा.

खरी पंचाईत होते ती पुन्हा पुन्हा येणाऱ्या कार्यक्रमांची. कॅलेंडरांनी एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलायचं याचं आयकॅलेंडर नावाचं प्रमाण 1998 साली ठरलं. पुनरावृत्तीला शेवट दिला नाही तर ती अनंतकाळ चालते, असा त्यातला नियम. आणि शेवटची तारीख घालतो कोण? आमची सोमवारची आढावा बैठक ज्या साहेबांनी सुरू केली ते दुसऱ्या कंपनीत गेले, ज्या प्रोजेक्टचा आढावा घ्यायचा तो गुंडाळला गेला. आढावा मात्र दर सोमवारी साडेदहाला हजर. तो पुसायला गेलं की सवाल येतो : फक्त हा, हा आणि यापुढचे, की सगळे? यातलं ‘सगळे’ म्हणजे अगदी सगळे, होऊन गेलेलेसुद्धा. पूर्वी इतिहास पुसायला आधी राज्य जिंकावं लागायचं.

माझ्या मामेभावाने अशीच एकदा साफसफाई काढली. त्याचं सॉफ्टवेअर फार शिस्तीचं. जुन्या कार्यक्रमाला निमंत्रित होते म्हटल्यावर त्याने प्रत्येकाला रीतसर कळवलं : ‘बारसं रद्द झालं आहे.’ मावशीचा तडक फोन. “अरे रद्द काय? पोरगी बालवाडीत जाते! आणि मी दिलेल्या वाळ्यांचं काय?”

तेव्हा अर्काइव्ह करण्यापूर्वी एकदा सगळं नजरेखालून घालावं म्हणून मी मागे मागे सरकत गेलो, आणि स्वतःच्याच प्रेमात पडलो. काय तो दिनक्रम! पहाटे सहाला जिम. मंगळवारी आणि गुरुवारी जर्मनचा वर्ग. शनिवारी ‘कपाट आवरणे’. रविवारी सकाळी ‘सिंहगड’. हा माणूस भेटला तर मी वाकून नमस्कार करीन. जर्मनमध्ये मी अजून ‘गुटेन मॉर्गेन’वर आहे, कपाट उघडताना बाजूला उभं राहावं लागतं, आणि जिमवाल्याने मला रस्त्यात ओळखावं असं आमच्यात काही घडलेलं नाही. पण कॅलेंडर छातीठोकपणे सांगतं की मी गेलो होतो. कारण त्याला ठरलेलं तेवढं कळतं. पुढे काय झालं, हे ते कधी विचारतच नाही. म्हणजे मी जपून ठेवणार होतो तो माझा भूतकाळ नव्हताच, माझे मनसुबे होते.

आईचं दफ्तर याच्या नेमकं उलट. जयंतराव साळगावकरांचं कालनिर्णय 1973 पासूनचं. त्यात तिथी, सण, संकष्टीचा चंद्रोदय असं पुढचं सगळं छापून येतं, आणि आई त्याच चौकोनांत मागचं लिहिते. ‘दूध नाही.’ ‘सिलिंडर लावला.’ ‘बाई – खाडा.’ एका बाजूला दोरीने बांधलेलं बॉलपेन, आणि नव्या वर्षाचं कालनिर्णय त्याच खिळ्याला जुन्याच्या वर. हे तिचं अर्काइव्ह. मागचा सिलिंडर किती दिवस पुरला, हे पान उलटून ती दहा सेकंदांत सांगते. मला मागची मीटिंग कशासाठी होती, तेही सांगता येत नाही.

तिची जातकुळी जेधे शकावलीची. लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या या शकावलीत शिवकाळातल्या घटनांच्या तिथीवार, त्रोटक नोंदी आहेत. एकेका ओळीवर इतिहासकारांनी हयात घालवली, कारण ती ओळ घडल्यानंतरची आहे. तेच काम जेध्यांनी माझ्या कॅलेंडरवर सोपवलं असतं तर 10 नोव्हेंबर 1659 ला एवढंच मिळालं असतं : ‘भेट. स्थळ : प्रतापगडाचा पायथा. निमंत्रित : अफझलखान (येणार – होय). 15 मिनिटं आधी आठवण.’ पुढे काय झालं? कार्यक्रम फिकट झाला.

मग मी ठरवलं, काही पुसायचं नाही, अर्काइव्हही करायचं नाही; आईच्या पद्धतीने खरं काय ते लिहायचं. ‘जिम – खाडा.’ ‘जर्मन – खाडा.’ ‘सिंहगड – पिठलं-भाकरी घरीच.’ हात बसल्यावर ऑफिसच्या नोंदींकडे वळलो. सोमवारच्या बैठकीपुढे लिहिलं, ‘झाली. ठरलं काहीच नाही.’ बदल निमंत्रितांना कळवू का, असं विचारल्यावर कळवलंही. इतिहासात लपवाछपवी नको.

नव्या साहेबांचं उत्तर पाच मिनिटांत आलं. नोंद ठेवण्याची कल्पना त्यांना फार आवडली होती. घरकामाच्या बाईचे खाडे महिनाअखेरीला मोजून पगार कापतात, तीच पद्धत इथे आणता येईल का, असं त्यांनी विचारलं होतं. सोबत निमंत्रण : ‘खाडे – चर्चा. दर सोमवारी, साडेदहा.’ शेवटची तारीख घातलेली नाही.