देवदर्शनाला निघताना पर्समध्ये टेप असावी

प्रस्तुत मार्गदर्शन गोधड्या शिवणाऱ्या, कापड रंगवणाऱ्या, चिंध्या साठवणाऱ्या आणि या सगळ्याला अलीकडे 'माझं काम' म्हणू लागलेल्या व्यक्तींसाठी आहे. टाका कसा घालावा, रंग पक्का कसा करावा, हे कुठल्याही वर्गात शिकवतात. ज्या घरात हे सगळं करायचं, त्या घराला बरोबर घेऊन कुठे कुठे जायचं आणि ते कसं न्यायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही.

सुरुवात सहलीपासून करू. वस्त्रकलाकाराचा निम्मा अभ्यास सहलीतच होतो. फक्त बरोबर आलेल्यांना ते ठाऊक नसतं. 'मला अमुक गावी विणकाम बघायला जायचंय' हे वाक्य घरात कधीही उच्चारू नये. त्यावर 'जा की' असं उत्तर येतं आणि मग एसटीचं वेळापत्रक आपणच बघत बसतो. त्याऐवजी नकाशा उघडावा. चांगलं कापड जिथे विणलं जातं, तिथून हाकेच्या अंतरावर एखादं देवस्थान, लेणं, नाही तर निदान धरण असतंच. राजा, देऊळ आणि नदी असेल तिथेच विणकराला गिऱ्हाईक मिळायचं आणि रंगाऱ्याला पाणी, तेव्हा यात नवल काही नाही. पण हे स्पष्टीकरण घरी देत बसू नये.

तर येवल्याला जायचं असेल तेव्हा शिर्डीचं नाव काढावं. पैठणला नाथांची समाधी आहे आणि जायकवाडी आहे. मंडळी पाणी बघत उभी असतात तेवढ्यात पैठणीचा पदर उलटसुलट करून बघता येतो. (उलटाही बघावा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत नक्षीचे धागे एकमेकांत अडकवत विणतात, त्यामुळे मोर मागच्या बाजूनेही मोरच दिसतो. मागे सुट्या दोऱ्यांचं जंगल असेल तर नमस्कार करून बाहेर पडावं.) महेश्वर हवं असेल तर ओंकारेश्वर आहे, तिथून दीड-दोन तासांवर. शिवाय अहिल्याबाई होळकरांचं नाव घेतल्यावर मराठी घरात विरोध करायची कोणाची प्राज्ञा नसते. पाटणचा पटोला बघायचा असेल तर शंभराची जांभळी नोट काढून मुलांसमोर धरावी आणि 'ही मागे छापलेली राणीची वाव खरी बघायची का?' असं विचारावं. 2014 पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे, हे नवऱ्याला सांगावं. ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून, रंगवून, मग रंगाला रंग जुळवत विणलेली ती साडी विकत घेणं आपल्या कुवतीबाहेरचं आहे, तेव्हा त्या सहलीत घरच्यांना भीती नाही. पटोला विणणारे साळवी मूळचे जालन्याकडचे, कुमारपाल राजाने त्यांना पाटणला नेलं, अशी आख्यायिका आहे. ती परतीच्या वाटेवर सांगावी. गाडीत सगळे पेंगत असतात आणि कोणी उलटतपासणी करत नाही.

अहमदाबादचं कॅलिको संग्रहालय हा अपवाद. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी 1949 मध्ये ते उभं केलं. आधी नाव नोंदवावं लागतं, मोजक्याच लोकांना आत सोडतात, फोटो काढू देत नाहीत. जिथे फोटो काढता येत नाही तिथे नवऱ्याला आणि जिथे पळता येत नाही तिथे मुलांना नेऊ नये. त्यांना साबरमती आश्रमात सोडावं. गांधीजींच्या सहवासात कोणी बिघडल्याचं ऐकिवात नाही.

सर्वांत निर्धोक प्रस्ताव म्हणजे कुलदैवत. बदामीची बनशंकरी ही कित्येक मराठी घरांची कुलस्वामिनी आहे, ही वस्त्रकलाकारावरची देवीची खास कृपाच समजावी. 'बऱ्याच दिवसांत बनशंकरीला गेलो नाही' हे मात्र आपण बोलायचं नाही. ते सासूबाईंच्या तोंडून यायला हवं. त्यासाठी जेवताना कुळाचाराचा विषय अलगद काढून ठेवावा, वाटल्यास शेजाऱ्यांच्या घरी नुकताच झालेला गोंधळ आठवावा, आणि मग आमटी वाढत राहावं. दोन दिवसांत वाक्य येतं. आपण फक्त 'आई एवढं म्हणताहेत तर' इतकंच म्हणायचं.

विजापूरमार्गे जावं. गोलघुमटात ओरडून ओरडून मुलं दमतात. बदामीला नवऱ्याला लेण्यांत सोडावं; तिसऱ्या लेण्यात इसवी सन 578चा शिलालेख आहे आणि शिलालेख वाचता येत नसला तरी त्याच्यासमोर मान डोलवत बराच वेळ उभं राहता येतं. देवीची ओटी भरून झाली की, प्रसादाचा खण हातात घेऊन सहज म्हणावं, 'हा विणतात ते गुळेदगुड्ड इथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे म्हणे.' यातला 'म्हणे' गाळू नये. आपण चार महिने आधी तिथल्या विणकराशी फोनवर बोलून ठेवलं आहे, हे त्या एका शब्दाखाली झाकलं जातं.

आम्ही गेलो तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच मागांची खटखट ऐकू येत होती. घरातला पुढचा खोलगट अंधार, जमिनीत खड्डा, खड्ड्यात पावड्यांवर पाय सोडून बसलेला विणकर. त्याचं डोकं आपल्या गुडघ्याच्या उंचीवर. ताणा काळा, बाणा लालभडक, त्यामुळे कापड जरा हललं की वांग्यासारखं जांभळं दिसायचं. मी वहीत चित्र काढायला घेतलं. नवरा घड्याळ बघायला लागला. आणि सासूबाई, ज्यांना मी मोठ्या युक्तीने इथवर आणलं असं मला वाटत होतं, त्या सरळ मागाच्या शेजारी फरशीवर बसल्या. अंगठा आणि तर्जनीत कापड धरून त्यांनी ते काठापर्यंत चिमटत नेलं. 'पन्हा किती?' विणकर कानडीत काहीतरी बोलला. सासूबाईंनी वितीने मोजून स्वतःच उत्तर काढलं. मग शेजारच्या कापलेल्या तुकड्यातून एक धागा ओढला आणि काडेपेटी मागितली.

वस्त्रकलाकारांनी ही क्रिया पाठ करावी, कारण ती कुठल्याही पुस्तकापेक्षा खात्रीची आहे. धागा दोन बोटांत उभा धरून टोकाला काडी लावायची. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की धागा विझतो आणि काळी राख बोटांत चुरते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि शेवटी टणक मणी उरतो. सासूबाईंच्या बोटांत मणी उरला. त्यांनी तो विणकराला दाखवला. तो हसला, आतल्या खोलीत गेला आणि दुसरा तागा घेऊन आला. पुढचा तासभर कोणाला कोणाची भाषा येत नसताना दोघांची चर्चा चालू होती आणि मी काडेपेटी धरून उभी होते.

म्हणून पुढची सूचना ठळक अक्षरांत समजावी. घरातल्या साठीच्या पुढच्या बाईला टाळून कापडाच्या सहलीला जाणं म्हणजे निव्वळ पेट्रोलची नासाडी. तिला कापड बोटांनी कळतं. शाळेत असताना तिने टिपा घातलेल्या असतात, लग्नात आलेल्या साड्यांची जर मोडीत देताना वजनकाटा बघितलेला असतो, आणि कुठलं लुगडं गोधडीच्या पोटात घालायचं आणि कुठलं वर दाखवायचं, हे ती झोपेत सांगेल. या बायका एकच त्रास देतात. त्या भाव करतात आणि आपली मान खाली जाते. कारागिराला रास्त दाम मिळावा यावर आपण भाषण देऊन आलेलो असतो. ते भाषण त्यांच्यासमोर करू नये. निघताना दाराआड विणकराच्या हातावर उरलेले पैसे ठेवावेत.

आता मैत्रिणी. या कामात मैत्रीण हा मुळात गोदामाचा प्रकार आहे. घेतलेलं कापड त्याच दिवशी घरी आणू नये. ते तिच्याकडे उतरवावं आणि मग महिना-दोन महिन्यांत एकेक तुकडा 'तिने दिला' म्हणून घरात यावा. हे खोटं नाही. ती खरोखरच देते. तिने मंगळदास मार्केटमधून आणलेली थानं त्याच वेळी आपल्या दिवाणात असतात. यामुळे दोन्ही नवऱ्यांची ठाम समजूत होते की उधळी बाई ती दुसरी, आणि दोन्ही घरांत शांतता नांदते.

कापडाची कात्री मैत्रिणीलाही देऊ नये. मागितली तर 'काय कापायचंय?' विचारावं. उत्तरात कागद, दुधाची पिशवी किंवा चिकटपट्टी आली तर विषय बदलावा.

बाकी मैत्रिणींनी आठवड्यातल्या एका दुपारी एकीकडे जमावं. कामाला बसावं असा हेतू असतो, होतं ते सुईत दोरा ओवणं आणि बटाटेवडे. पण त्याच दुपारी कधीतरी आपला अर्धा झालेला तुकडा खालच्या सतरंजीवर पसरला जातो आणि चारजणी 'छान आहे गं' म्हणतात. त्यांना वडा द्यावा. पाचवी डोळे बारीक करून म्हणते, 'तो हिरवा काढ.' आपल्याला तिचा राग येतो. तो हिरवा आपण अजरखपूरहून आणलेला असतो, नीळ आणि डाळिंबाच्या सालीचा, आणि तो बसवायला आठवडा गेलेला असतो. रात्री भिंतीवर टाचून लांबून बघितल्यावर कळतं की काढायलाच हवा. दुसऱ्या दिवशी तीच पाचवी, कात्री न मागता, स्वतःचं उसवायचं घेऊन येते आणि दोघी मिळून टाके उसवतात. अशी एक मिळाली तर बाकीच्या चौघींना नुसतं वड्यांसाठी ठेवावं.

आणि मैत्रिणीची आई गेल्यावर तिची नऊवारी पिशवीत घालून ती आपल्याकडे येते, 'याचं काहीतरी कर' म्हणते, तेव्हा या मार्गदर्शनातल्या सगळ्या युक्त्या बाजूला ठेवाव्यात. दर सांगू नये. लगेच कापूही नये. लुगडं आठवडाभर नुसतं घडी घालून ठेवावं, आणि कापायच्या दिवशी तिला बोलवावं. कुठून कापायचं ते तिने दाखवायचं. बहुधा ती दाखवत नाही, चहा पिऊन जाते. मग पुन्हा बोलवावं.

रंगकामाबद्दल थोडक्यात, कारण यावर घरोघरी आधीच पुरेसं बोललं गेलेलं असतं. कापडाच्या कोरड्या वजनाइतकी कांद्याची सालं लागतात, तेव्हा भाजीवाल्याशी संबंध चांगले ठेवावेत. तुरटी कापडाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के पुरे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या दारांवरचे झेंडू सुकण्याची वाट बघताना आपण हार चोरणाऱ्या दिसू नये म्हणून हातात पूजेची परडी ठेवावी. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून बाल्कनीत आंबवलेली बरणी हा लोखंडाचा काळा रंग आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावावी, नाही तर पाहुणे तिला गावाकडचं लोणचं समजतात. रंगाचं पातेलं वेगळं. मोरचूद वापरणार असाल तर अगदी वेगळं, कुलपात, कारण ते विष आहे आणि ही ओळ विनोदाने लिहिलेली नाही.

राहता राहिला नातेवाइकांचा प्रश्न. लग्नकार्यात कोणीतरी विचारतंच, 'हल्ली काय, शिवणक्लास काढलास म्हणे?' इथे चिडू नये, माहिती द्यावी. सोनिया दलोने नावाच्या चित्रकर्तीने 1911 मध्ये आपल्या तान्ह्या मुलासाठी तुकडे जोडून एक पांघरूण शिवलं, ते आज पॅरिसच्या संग्रहालयात आहे आणि तिच्या अमूर्त चित्रांची सुरुवात तिथून झाली असं मानतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 1949 मध्ये ॲनी आल्बर्स या विणकर बाईचं एकटीचं प्रदर्शन भरलं होतं. हे सांगताना आवाज शांत ठेवावा, पुरणपोळी खाली ठेवू नये.

आमच्या आत्याबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'एका मुलासाठी एक? आमच्या आईने सात पोरांच्या सात शिवल्या, वर जावयांच्या. दिवसा शेतात, रात्री कंदिलाला.' याला उत्तर नाही, शोधत बसू नये. त्या गोधड्या आता कुठे आहेत, एवढं मात्र तिथल्या तिथे विचारून घ्यावं. बहुतेक माळ्यावर असतात, पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांबरोबर. शिडी धरायला नवरा लागतो. त्याला 'पंधरा मिनिटांचं काम आहे' असं सांगावं.