खोट्या गावाची खरी जत्रा

हॉबिटनला जाऊन आलो म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सिनेमाच्या सेटची खोटी घरं बघायला एवढा खर्च?" माझं उत्तर सरळ आहे. हो, करावा. फक्त तिकडच्या उन्हाळ्यात जावं, उत्सव असेल तेव्हा जावं आणि संध्याकाळपर्यंत थांबावं.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, ऑकलंडहून गाडीने दोनेक तासांवर माटामाटा आहे. गायींचा आणि शर्यतीच्या घोड्यांचा हा मुलूख. गावाबाहेर अलेक्झांडर कुटुंबाचं साडेबाराशे एकरांचं शेत आहे, मेंढ्यांनी भरलेलं. १९९८ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी जागा शोधत फिरणाऱ्या दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या मंडळींना ते विमानातून दिसलं. गोलसर हिरव्या टेकड्या, एक तळं, तळ्याकाठी अवाढव्य पाइन. विजेचा खांब नाही, डांबरी रस्ता नाही. मग लष्कराने दीड किलोमीटर रस्ता करून दिला आणि १९९९ मध्ये टेकड्यांच्या पोटात कथेतल्या हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांची ३९ बिळघरं उभी राहिली. हेच हॉबिटन. सामान काय, तर प्लायवूड, थर्माकोल आणि कच्चं लाकूड. तीन महिने चित्रीकरण करायचं आणि मोडून टाकायचं, असाच करार होता.

मोडायला सुरुवातही झाली. पण पावसाने काम थांबवलं, काही दर्शनी भिंती तशाच राहिल्या आणि लोक त्या उघड्याबोडक्या भिंती बघायला येऊ लागले. २००२ च्या अखेरीपासून तिथे रीतसर सहली सुरू झाल्या. पुढे 'द हॉबिट'साठी सेट पुन्हा बांधायची वेळ आली, तेव्हा तो टिकाऊ सामानात बांधला गेला. आता तिथे ४४ बिळघरं आहेत, तळ्यापलीकडे गिरणी आहे आणि गवताने शाकारलेली 'ग्रीन ड्रॅगन' खाणावळ आहे. पडद्यावरचं गाव लोकांना मोडू द्यायचं नव्हतं, म्हणून ते राहिलं. जगात असे किती सेट आहेत?

आता 'खोटं' या आक्षेपाकडे येऊ. बिल्बो या हॉबिटाच्या 'बॅग एंड' या घराच्या डोक्यावरचा ओक पहिल्या सिनेमासाठी जवळच्या भागातून तोडून आणला होता. फांद्यांवर नंबर घातले, टेकडीवर नेऊन त्या पुन्हा जोडल्या आणि तैवानहून मागवलेली पानं एकेक करून तारेने बांधली. दुसऱ्या वेळी झाड मुळापासूनच कृत्रिम केलं. वाळत घातलेल्या कपड्यांकडे जाणारी पायवाट वापरातली दिसावी, म्हणून एका माणसाला नुसतं येरझाऱ्या घालायला ठेवलं होतं, असं तिथले वाटाडे सांगतात. ज्याला यात फक्त फसवणूक दिसते त्याने नाटकसुद्धा बघू नये. पडद्यावर काही सेकंद दिसणाऱ्या वाटेसाठी कुणीतरी दिवसभर चालावं, यात मला त्या गोष्टीबद्दलचा आदर दिसतो.

आणि तिथे सगळंच खोटं नाही. बागा खऱ्या आहेत. वाफ्यातली कोबी खरी, फुलं खरी, त्यांच्यावर येणारी कीडही खरी. हे सगळं सांभाळायला माळी आहेत, वर्षभर राबणारे. दाराचा रंग उडाला की पुन्हा लावावा लागतो, गवत वाढलं की कापावं लागतं. दाराआड जागा नसलेल्या घरापुढचं अंगण रोज झाडायला निष्ठा लागते. तिकिटाचा पैसा तिथे जातो आणि तो तिथेच जायला हवा.

दिवसा मात्र हे गाव नीट भेटत नाही. आपल्याकडच्या सहलींच्या वेळापत्रकात ते ऑकलंड आणि रोटोरुआ या शहरांच्या मधे कोंबलेलं असतं. दोनेक तास, ठरलेली वाट, गोल दार, फोटो, पुढचं दार, पुन्हा फोटो, एक पेला आणि बस. त्या गर्दीत कुणी बाकावर बसलेलं दिसत नाही. ज्या हॉबिटांचं जगणंच निवांतपणावर उभं आहे, त्यांच्या गावातून धावत जायचं म्हणजे त्या गोष्टीचा अपमान आहे.

तिथल्या उन्हाळी उत्सवात हे उलटं होतं. पाइनच्या झाडासमोरच्या मैदानावर, जिथे सिनेमात बिल्बोचा वाढदिवस साजरा होतो, लोक खरोखर बसतात, खातात आणि नाचतात. व्हायोलिनने सूर धरला की अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून गोल करतात. कुणी अंगरखा घालून आलेलं असतं, कुणी अनवाणी. मोठी माणसं लहान मुलांचे खेळ खेळतात आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत तिथला दिवस रात्री साडेआठपर्यंत रेंगाळतो, म्हणून कुणाला घाईही नसते. अंधारलं की खिडक्यांमागे दिवे लागतात. दिवसा नुसती फोटोची पार्श्वभूमी वाटलेलं दार तेव्हा कुणाचं तरी घर वाटतं.

काही पाहुणे मात्र निराश होतात. त्यांना तलवारी हव्या असतात, युद्ध हवं असतं, अंगठीचा थरार हवा असतो. त्यांनी पुस्तक पुन्हा वाचावं. मूळ लेखक जे. आर. आर. टोल्किनने सगळं युद्ध ज्या गोष्टीसाठी मांडलं, ती गोष्ट म्हणजे हे मैदान. त्याच्या शायरमध्ये, म्हणजे हॉबिटांच्या मुलखात, ऐन उन्हाळ्यात जत्रा भरते आणि दर सात वर्षांनी तिथेच नगराध्यक्ष निवडतात. त्या नगराध्यक्षाचं मुख्य काम काय, तर सणासुदीच्या पंगतींचं अध्यक्षस्थान भूषवणं. हा विनोद आहे, पण त्यात टोल्किनचं राजकारणही आहे. ज्या मुलखात सत्तेचं सर्वांत मोठं काम लोकांना नीट जेवू घालणं हे आहे, तो मुलूख वाचवण्यासारखा आहे, असं त्याला म्हणायचं होतं.

हे त्याला कुठून सुचलं? चार वर्षांचा असताना तो इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात राहायला आला. तिथे पाण्यावर चालणारी गिरणी होती, झाडं होती, शेतं होती. चार वर्षांनी ते घर सुटलं आणि पुढे शहराने ते खेडं गिळलं. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, तो फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत उतरला. महायुद्ध संपलं तेव्हा त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच उरला होता. अशा माणसाने लिहिलेलं जेवणाचं, बागेचं आणि गप्पांचं सुख हे पोरकट सुख नाही. ते गमावलेल्या माणसाने जपलेलं सुख आहे. म्हणून उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्या मैदानावर जेवणं आणि नाचणं हेच त्या पुस्तकाचं सर्वांत प्रामाणिक वाचन आहे, असं मी मानतो. थीम पार्टी म्हणून नाक मुरडणाऱ्या साहित्यप्रेमींनी याचा विचार करावा.

आता उत्सव भरवणाऱ्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी एक गोष्ट. ती मला तिथे टोचली.

याच माटामाटा परिसरात एक खरं आदर्श गाव होतं. न्गाती हाउआ या माओरी जमातीचे नेते विरेमू तामिहाना यांनी १८४६ मध्ये पेरिया नावाची वसाहत वसवली. तिथे चर्च होतं, शाळा होती, टपाल कचेरी होती, पिठाची गिरणी होती. गहू आणि मका पिकत होता, फळबागा होत्या. माओरींचा पहिला राजा १८५८ मध्ये गादीवर बसवण्यात तामिहाना यांचा मोठा वाटा होता. ते शांततेचा आग्रह धरणारे नेते होते. तरीही १८६३ मध्ये ब्रिटिश फौजा या वायकाटो प्रदेशात घुसल्या. युद्धानंतर सरकारने त्या प्रदेशातली सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त केली. ती परत मिळावी म्हणून तामिहाना यांनी संसदेकडे अर्ज केले. १८६६ च्या अखेरीस ते वारले, तेव्हा जमीन परत मिळालेली नव्हती.

म्हणजे या टेकड्यांच्या मुलखात गिरणी, बागा आणि सुखाने नांदणारी माणसं असलेलं गाव सिनेमाआधी दीडशे वर्षं होऊन गेलं. त्याचा शेवटही टोल्किनला कळला असता, कारण फौजा आणि लोभ गाव कसं संपवतात हे त्याने पानोपानी लिहिलं आहे. पण आज माटामाटातलं पर्यटक माहिती केंद्रसुद्धा हॉबिटांच्या घरासारखं बांधलेलं आहे आणि त्या गावात उतरणाऱ्या बहुतेक पाहुण्यांना पेरियाचं नाव ठाऊक नसतं. कल्पनेतल्या गावाला इतकं प्रेम देणाऱ्या मुलखाने खऱ्या गावाला त्याच उत्सवात हक्काची जागा द्यायला हवी. मैदानावर तामिहाना यांची गोष्ट सांगायला त्यांच्याच वंशजांना मानाने बोलवावं. त्याने रंगाचा बेरंग होणार नाही. जत्रेला मुळं मिळतील.

ऑकलंडमध्ये आता मराठी माणसांची चांगली वस्ती आहे आणि आपल्या नाताळच्या सुट्टीत तिकडे ऐन उन्हाळा असतो. जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे. दोन तासांची सहल घेऊ नका, संध्याकाळ राखून ठेवा. उत्सवाचं तिकीट मिळालं तर तेच घ्या. मुलांना फोटोसाठी उभं करण्यापेक्षा नाचायला सोडा. भरपेट जेवा. आणि तुमच्या वाटाड्याला पेरियाबद्दल विचारा. आज एकाने विचारलं तर तो हसून पुढे जाईल. रोज शंभर जण विचारू लागले तर त्याला उत्तर द्यावंच लागेल.